सहवाचन: नजर चित्रावरून ओळीवर कशी आणायची

मुलाला रोज गोष्ट वाचून दाखवली की ते आपोआप वाचायला लागतं, असं बऱ्याच पालकांना वाटतं आणि शिक्षकांनाही. ते अर्धंच खरं आहे. गोष्टी ऐकून शब्दसाठा वाढतो, लांब वाक्यं कानाला ओळखीची होतात, पुस्तक ही हवीहवीशी वस्तू वाटायला लागते. पण कागदावरची अक्षरं ओळखून शब्द वाचणं नुसतं ऐकून येत नाही, कारण ऐकताना मूल ओळीकडे बघतच नाही. २००५ साली मेरी अ‍ॅन एव्हन्स आणि ज्याँ सेंट-ऑबँ या कॅनडातल्या संशोधकांनी, मोठं माणूस गोष्ट वाचत असताना लहान मुलांची नजर कुठं फिरते, हे यंत्रानं टिपलं. ती जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती. मजकूर पानावर वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडून पाहिला, तरी मुलांचे डोळे त्याच्याकडे क्वचितच गेले.

यात मुलांची चूक नाही. चित्र काहीतरी सांगतं. ओळ त्यांच्याशी अजून बोलत नाही. ओळ बोलते हे दाखवून द्यायचं आणि गोष्टीची मजा घालवायची नाही, ही दोन्ही कामं एकत्र करण्याची पद्धत म्हणजे सहवाचन.

२०२१ साली निपुण भारत हे लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीचं सरकारी अभियान सुरू झाल्यापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणांत हा शब्द सर्रास ऐकू येतो, पण त्यात सरमिसळ फार होते. शिक्षक वाचतात आणि मुलं ऐकतात, ते प्रकट वाचन. पाच-सहा मुलांचा गट करून प्रत्येकाच्या हातात त्याच पुस्तकाची एकेक प्रत द्यायची, मुलांनी वाचायचं आणि अडेल तिथं शिक्षकांनी हात द्यायचा, ते मार्गदर्शित वाचन. सहवाचन या दोहोंच्या मधलं. मजकूर सगळ्यांना दिसेल एवढा मोठा असतो, शिक्षक शब्दाखाली पट्टी धरून वाचतात आणि मुलं जमेल तिथं आवाज मिसळतात. ही पद्धत न्यूझीलंडमधली. डॉन होल्डवे आणि तिथल्या शिक्षकांनी १९६०-७०च्या दशकांत ती वर्गात बसवली. घरी आईच्या कुशीत बसून पुस्तक बघणाऱ्या मुलाला जे मिळतं ते तीस मुलांच्या वर्गात कसं द्यायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरएवढं मोठं पुस्तक.

पद्धतीकडे वळण्याआधी एक सूत्र सांगायला हवं. १९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी मांडलं की समजून वाचणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: अक्षरांवरून शब्द उलगडता येणं आणि बोललेली भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला परिच्छेद कळत नाही ते यामुळे, आणि गप्पांत पटाईत असलेलं मूल पुस्तक उघडताच गप्प होतं तेही यामुळेच. सहवाचन दोन्ही बाजूंना थोडं थोडं खतपाणी घालतं. पण अक्षरं पद्धतशीर शिकवण्याची जागा ते घेऊ शकत नाही. रोजचा अक्षरांचा तास वेगळा हवाच. सहवाचन केलं म्हणून अक्षरगट, स्वरचिन्हं आणि शब्द तोडणं-जोडणं बाजूला ठेवणाऱ्या वर्गात मुलं पुस्तक पाठ म्हणतात आणि दुसरं पुस्तक दिलं की अडतात.

मजकूर कसा हवा

पहिलीच्या सुरुवातीला एका पानावर चार ते आठ शब्द पुरेत. पाना-पानाला परत येणारं एक पालुपद असावं आणि प्रत्येक पानावर दोन-तीनच शब्द बदलावेत. म्हणजे तिसऱ्या पानापर्यंत सगळी मुलं बरोबर म्हणू लागतात. समजण्यासाठी इथं एक छोटी गोष्ट बनवून घेऊ. एसटी उभी आहे, एकेक जण चढतोय आणि गाडी भरत चाललीय.

एसटी आली. एसटी रिकामी.
आजी आली, टोपली आली. सरका, सरका, जागा द्या!
मामा आला, कोंबडी आली. सरका, सरका, जागा द्या!
काकू आली, पिशवी आली. सरका, सरका, जागा द्या!
मुलं आली, दप्तरं आली. सरका, सरका, जागा द्या!
कोंबडी सुटली! सगळे ओरडले!
सगळे उतरले. जागाच जागा!

प्रत्येक ओळ एका पानावर. 'सरका' हा शब्द आठ वेळा येतो आणि त्यात स, र, क आणि काना एवढंच आहे. म्हणजे पहिलीतल्या मुलाला हा शब्द लवकरच स्वतः उलगडता येईल. 'द्या' मात्र जोडाक्षर. ते आत्ता फोडायचं नाही, अख्खाच शब्द ओळखीचा होऊ द्यायचा. एका पुस्तकात असे एक-दोन शब्द चालतात. दहा असतील तर पुस्तक दुसरीसाठी ठेवा.

विकतची पुस्तकं घ्यायची तर ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, एकलव्य यांच्याकडे लहानांसाठी कमी मजकुराची मराठी पुस्तकं मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट आहेत आणि त्यांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिलीसाठी पहिल्या पातळीपासून सुरू करा. शाळेत प्रोजेक्टर असेल तर तीच पानं भिंतीवर टाकता येतात, फक्त पट्टीनं शब्द दाखवायला उभं राहावं लागतं. पडद्यावर आपोआप रंगत जाणारे शब्द पट्टीचं काम करत नाहीत. ते मुलासाठी थांबत नाहीत आणि त्यांना मागेही नेता येत नाही.

ज्या गोष्टीच्या शेवटी 'यावरून आपण काय शिकलो' असं छापलेलं असतं, ती या कामाला शक्यतो घेऊ नये. तात्पर्य येणार हे मुलांना दुसऱ्याच दिवशी कळतं आणि मग ती गोष्ट पाच दिवस ऐकायला कोणी तयार नसतं.

मोठं पुस्तक घरच्या घरी

स्टेशनरीच्या दुकानात २२ × २८ इंचांचा कार्डशीट मिळतो. तो मधोमध कापला की २२ × १४ इंचांची दोन आडवी पानं होतात. चार कार्डशीटांत आठ पानं, म्हणजे एक मुखपृष्ठ आणि वरच्या गोष्टीची सात पानं. फिकट रंग घ्या, शक्यतो पांढरा किंवा लिंबू. जाड मार्करची शाई कागदाच्या मागे उतरते म्हणून एकाच बाजूला लिहा. वरचे साधारण ९ इंच चित्राला आणि खालचे ५ इंच मजकुराला.

अक्षराची उंची शिरोरेषेपासून खालपर्यंत १ इंच ठेवा. तीन मीटरवर बसलेल्या मुलालाही ते नीट दिसतं. दोन ओळी असतील तर शिरोरेषांमधलं अंतर २ इंच हवं. मराठीत वेलांटी-मात्रा वर चढतात, उकार खाली उतरतात आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकला की नवशिक्या वाचकाचा गोंधळ उडतो. दोन शब्दांत दोन बोटांची जागा सोडा.

शिरोरेषेकडे खास लक्ष द्या. देवनागरीत शिरोरेषा तुटते तिथं शब्द संपतो. शब्द म्हणजे काय हे पाच वर्षांच्या मुलाला समजावायला यापेक्षा सोपी खूण नाही. पण अनेक जण फळ्यावर आणि तक्त्यांवर सगळ्या ओळीवर एकच लांब शिरोरेषा ओढतात आणि नेमकी तीच खूण पुसून टाकतात. प्रत्येक शब्दाची शिरोरेषा वेगळी ओढा. थ, ध, भ या अक्षरांत शिरोरेषा मध्येच तुटते, तो अपवाद मुलांना पुढे कळतो. सुरुवातीच्या पुस्तकात ही अक्षरं कमी आली तर बरं.

संगणकावर टाइप करून छापणार असाल तर फाँट तपासा. काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श असं वळण राज्य शासनानं २००९च्या निर्णयात ठरवून दिलं आहे, आणि मुलांच्या पाठ्यपुस्तकात तेच असतं. पाठ्यपुस्तकात एक ल आणि तक्त्यावर दुसराच ल दिसला की सहा वर्षांच्या मुलाला ती दोन अक्षरं वाटतात.

लॅमिनेशन टाळा. खिडकीचा किंवा ट्यूबचा उजेड त्यावर चमकतो आणि एका बाजूच्या मुलांना नुसतं पांढरं दिसतं. कोपऱ्यांना चिकटपट्टी पुरे. डाव्या कडेला तीन भोकं पाडून जाड दोरा सैल बांधा. घट्ट बांधला तर पान पूर्ण उलटत नाही.

पुस्तक स्टँडवर, टेबलावर भिंतीला टेकवून किंवा खुर्चीवर ठेवा, पण खालची कड जमिनीपासून साधारण दोन फूट वर राहील असं. सतरंजीवर बसलेल्या मुलांच्या डोळ्यांसमोर ओळ येते. मुलं अर्धगोलात बसवा, पहिली रांग एक मीटरवर, शेवटची तीन मीटरच्या आत. पट पंचविसाच्या वर असेल तर दोन गट करा. पहिली-दुसरी एकत्र असलेल्या शाळेत दुसरीच्या मुलांना मागे बसवावं, कारण त्यांना लांबूनही वाचता येतं आणि त्यांचा आवाज पुढच्यांना आधार देतो. शिक्षकांनी पुस्तकाच्या बाजूला बसावं. समोर उभं राहिलं की पाठ आडवी येते.

एका पुस्तकाचे पाच दिवस

रोज १५ ते २० मिनिटं. एकच पुस्तक आठवडाभर. नवं पुस्तक रोज काढणं ही सगळ्यात सामान्य चूक आहे. मुलं कंटाळतील अशी धास्ती मोठ्यांना असते, पण या वयाची मुलं ओळखीच्या गोष्टीला कंटाळत नाहीत, उलट पुढचं माहीत आहे म्हणून जोर धरतात.

पहिल्या दिवशी गोष्टच. मुखपृष्ठ दाखवा, नाव वाचा, एसटीत काय होणार याचा अंदाज मुलांना बांधू द्या आणि मग एका दमात वाचा. मध्ये थांबून 'टोपली म्हणजे काय' असं विचारू नका. जो शब्द अडणार हे आधीच माहीत आहे तो गोष्ट सुरू करण्यापूर्वी हातवाऱ्यानं किंवा वस्तू दाखवून सांगून टाका. पट्टी पहिल्या दिवशीही शब्दांखाली सरकत राहू दे, पण त्याबद्दल काही बोलू नका.

दुसऱ्या दिवशी पालुपद मुलांकडे द्या. 'आजी आली, टोपली आली' हे तुम्ही म्हणा आणि पट्टी 'सरका'वर नेऊन थांबा. मुलं उचलतील. आवाज एका सुरात नसला तरी चालेल.

तिसरा दिवस खऱ्या कामाचा, म्हणून तो जरा जवळून पाहू. 'सरका, सरका, जागा द्या!' या ओळीवर थांबा. 'या ओळीत शब्द किती?' काही मुलं 'सात' म्हणतील, कारण ती टाळ्यांनी तुकडे मोजतात. काही 'एक' म्हणतील. शिरोरेषा कुठं तुटते ते पट्टीनं दाखवा आणि प्रत्येक शब्दाला एकच टाळी. मग विचारा: 'सारखे दिसणारे दोन शब्द कोणते?' एक मूल पुढे येऊन दोन्ही 'सरका'ना बोट लावेल. 'जागा कुठं आहे?' 'शेवटचा शब्द कोणता?' एवढंच. तीन-चार प्रश्नांनंतर परत सुरुवातीपासून गोष्ट वाचायची. पट्टी शब्दाच्या खाली धरायची, वर नाही. शब्दाच्या आत सरकवायची आणि शब्दावरून शब्दावर उडी मारायची. आवाज आणि पट्टी बरोबर चालायला हवी. बहुतेकांची पट्टी आवाजाच्या पुढे पळते, विशेषतः ओळीच्या शेवटी, आणि तिथं मूल चुकीच्या अक्षरांना चुकीचा आवाज जोडतं.

मजकुराकडे लक्ष वेधण्याचे हे लहान लहान प्रश्न काम करतात याला भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत लॉरा जस्टिस आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या शिक्षकांना वाचताना शब्दांकडे, अक्षरांकडे, वाचण्याच्या दिशेकडे लक्ष वेधायला शिकवलं. हे आठवड्यातून अनेकदा, वर्षभर झालं. त्या मुलांचं वाचन नंतरच्या इयत्तांतही पुढे राहिलं. पण एका वाचनात असे तीन-चारच प्रश्न. दहा विचारले की गोष्ट मरते.

चौथ्या दिवशी चिकट चिठ्ठीनं शब्द झाका. 'आजी आली, ▢ आली.' काय असेल? मुलं पिशवी, काठी, टोपी असं काहीबाही सांगतील. आता चिठ्ठी थोडी उजवीकडे सरकवून 'टो' दाखवा. पिशवी आणि काठी गळाली, टोपी राहिली, टोपली आली. मग पूर्ण शब्द उघडा आणि पट्टी एकेका अक्षराखाली नेत वाचा: टो, प, ली. अंदाज बांधायला हरकत नाही, पण त्याचा निकाल अक्षरंच लावतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहायला हवं. मूल एखाद्या शब्दाला अडलं की 'चित्र बघून सांग' म्हणायची सवय अनेक वर्गांत आहे. ती मोडा. चित्र बघून सांगितलेला शब्द मुलानं वाचलेला नसतो. 'पहिलं अक्षर कोणतं? पुढचं?' असं विचारा.

पाचव्या दिवशी पुस्तक मुलांचं. एक मूल पट्टी धरतं, बाकीचे वाचतात. मग वर्गाचं स्वतःचं पान: 'तुमच्या एसटीत कोण येईल?' 'कुत्रा आला', 'पिल्लू आलं', 'शेळ्या आल्या', 'बाबा आले'. शिक्षक मुलांसमोर लिहितात आणि आला, आली, आलं, आल्या, आले हे एकाखाली एक येतं. बोलताना मुलं हे कधी चुकत नाहीत. बोलताना येणारा बदल लिहिण्यात शेवटच्या अक्षरात दिसतो, हे त्यांना इथं पहिल्यांदा कळतं. व्याकरणाचा एकही शब्द न उच्चारता.

मराठी लिपी कुठं अडवते

इंग्रजीतल्या सूचना जशाच्या तशा उचलल्या की इथं घोळ होतो. इंग्रजीत चिन्हं २६, गडबड त्यांच्या उच्चारांची. मराठीत व्यंजनं आणि स्वरचिन्हं यांच्या जोड्याच काहीशे होतात, वर जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की अक्षरांचा हा पसारा आवाक्यात यायला पहिलीच नव्हे, त्यापुढची अनेक वर्षं लागतात. मराठीची लिपीव्यवस्था त्याच जातीची आहे. म्हणून सहवाचन पहिलीत संपवू नये. तिसरीपर्यंत ते जोडाक्षरांसाठी उपयोगी पडतं.

आपल्या छोट्या गोष्टीतच अडचणींचा नमुना आहे. 'सरका' लिहितो स-र-का, पण म्हणतो 'सर्का'. मधला अ बोलण्यात गळतो. एकेक अक्षर सुटं वाचणारं मूल 'स… र… का' म्हणतं आणि त्यातून शब्द कानाला सापडत नाही. सहवाचनात पट्टी तुटकपणे न नाचवता सलग सरकवायची ती यासाठी. मूल अडलं तर आधी सुटं, लगेच जोडून, मग बोलतो तसं, अशी तीन पावलं करून दाखवा.

'पिशवी'मधली पहिली वेलांटी प-च्या डावीकडे बसते पण उच्चारात नंतर येते. डावीकडून उजवीकडे वाचायचं असं नुकतंच शिकलेलं मूल इथं गांगरतं. पट्टी वेलांटीच्या दांड्याखाली न थांबवता 'पि' या पूर्ण आकाराखाली धरा. 'कोंबडी'तल्या टिंबाचा उच्चार म्, तर 'मुलं'मधल्या टिंबाला तसा नाकातला उच्चारच नाही, तिथं शेवटचा अ लांबतो. 'आजी'मधला ज आणि 'जागा'मधला ज वेगळे, चिन्ह मात्र एकच. याचे नियम मुलांना सांगू नका. ज्या मुलाच्या कानात शब्द आधीपासून आहे त्याला योग्य उच्चार आपोआप सापडतो, आणि गोष्ट पहिल्या दिवशी नुसती ऐकवण्याचा हाही एक फायदा आहे.

ज्या मुलाच्या घरी अहिराणी, वारली, कोरकू, गोंडी किंवा दुसरी भाषा बोलतात त्याच्या कानात मात्र हे शब्द नसतात. तिथं पहिल्या दिवसाआधी एक दिवस वाढवा. चित्रं दाखवत गोष्ट घरच्या भाषेत सांगा किंवा ती भाषा येणाऱ्या मुलाकडून, अंगणवाडी ताईंकडून सांगून घ्या. मग मराठी पुस्तक. शब्द चुकीचा म्हणून टोकू नका, दोन्ही शब्द शेजारी ठेवा. वर्गाच्या पानावर दोन्ही भाषांत ओळ लिहिली तर उत्तमच.

घरी एकट्या मुलासोबत

घरी मोठं पुस्तक लागत नाही. मूल मांडीवर किंवा शेजारी, पुस्तक दोघांच्या मध्ये, आणि बोट शब्दाखाली. समोरासमोर बसलं की एकाला मजकूर उलटा दिसतो. हे कितीतरी घरांत होतं.

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी अक्षरांचा विचार करूच नका, बोलणं वाढवा. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये पालकांना एवढंच शिकवलं: वाचताना प्रश्न विचारा, मुलाचं उत्तर थोडं वाढवून परत म्हणा, मग मुलाला ते म्हणू द्या. एका महिन्यात त्या मुलांचं बोलणं, नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेलं. मराठीत हे असं: 'हे काय?' 'कोंबडी.' 'हो, मामाची कोंबडी. मामानं कोंबडी कुठं धरलीय?' 'काखेत.' 'मामानं कोंबडी काखेत धरलीय. म्हण बघू.' 'कोंबडी चढली का?' अशा हो-नाहीच्या प्रश्नांनी संभाषण तिथंच संपतं. 'काय', 'कुठं', 'का', 'आता काय होईल' असे प्रश्न घ्या, आणि विचारल्यावर मनात पाच अंक मोजा. बहुतेक मोठी माणसं दुसऱ्या अंकालाच स्वतः उत्तर देतात.

सात-आठ वर्षांचं, अडखळत वाचणारं मूल असेल तर जोडीवाचन करून बघा. ब्रिटनमध्ये कीथ टॉपिंग यांनी ही पद्धत शाळा-शाळांत पसरवली. पुस्तक मुलानं निवडायचं. दोघांनी एकाच वेळी, मुलाच्या वेगानं मोठ्यानं वाचायचं. एकट्यानं वाचावंसं वाटलं की मुलानं आधी ठरवलेली खूण करायची, पुस्तकावर टिचकी किंवा कोपरानं हलका धक्का, आणि मोठ्या माणसानं गप्प बसायचं. मूल अडलं किंवा चुकलं की चार-पाच सेकंद वाट पाहायची. त्याला जमलं नाही तर शब्द सांगायचा, मुलानं तो परत म्हणायचा आणि दोघांनी पुन्हा बरोबर सुरू करायचं. शब्द फोडून विचारणं, रागावणं, 'कालच सांगितला होता ना' हे काहीही नाही. रोज दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, निदान सहा आठवडे. आजी-आजोबांना हे आई-बाबांपेक्षा चांगलं जमतं, कारण त्यांना घाई नसते.

परदेशातल्या मराठी घरांत चित्र थोडं उलटं असतं. तिथं सात वर्षांचं मूल इंग्रजी सराईत वाचतं. ओळ डावीकडून उजवीकडे जाते, छापलेल्याला अर्थ असतो, हे त्याला ठाऊक असतं. मराठी बोलणं समजतं पण शब्दसाठा घरगुती, 'जेव, झोप, चल' एवढ्यातला. अशा मुलासाठी शब्द मोजत बसण्यात वेळ घालवू नका. तिसऱ्या दिवसाचं काम पहिल्याच दिवशी आटपा आणि उरलेला वेळ शब्दांच्या अर्थाला आणि स्वरचिन्हांना द्या. रोमन लिपीत उच्चार लिहून देणं टाळा. तो आधार दिला की नजर देवनागरीवर थांबतच नाही.

बिघडतं कुठं

वर्गात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे कोरस. तीस आवाज एकत्र आले की सगळ्यांना येतंय असं वाटतं, आणि पर्यवेक्षकांनाही ते आवडतं. प्रत्यक्षात सहा मुलं वाचत असतात, बाकीची अर्ध्या सेकंदानं मागून येतात, डोळे छताकडे. शिक्षकांनी आवाज ऐकण्याऐवजी नजरा बघाव्यात. अधूनमधून पट्टी मुद्दाम एका शब्दावर थांबवून तोंड मिटा. जी मुलं न थांबता पुढे म्हणत जातात ती पाठ म्हणत होती.

दुसरं, नेहमी तीच चार मुलं पुढे येतात. आइसक्रीमच्या काड्यांवर नावं लिहून डब्यातून काढा. तिसरं, मुलाच्या प्रत्येक चुकीला तिथल्या तिथं सुधारणं. सहवाचनात चूक सगळ्यांच्या आवाजात विरघळते, म्हणून तर बुजरं मूलही तोंड उघडतं. ती सवलत काढून घेऊ नका. चुका लक्षात ठेवा आणि अक्षरांच्या तासाला घ्या.

मोठं पुस्तक आठवडा संपल्यावर कपाटात जाऊ नये. ते मुलांच्या हाताला येईल असं ठेवा. मधल्या सुट्टीत दोघं-तिघं पट्टी घेऊन 'शाळा शाळा' खेळतात, तेही वाचनच. फाटेल, मळेल. चार कार्डशीटांचाच खर्च आहे.

आठवड्याच्या शेवटी तपासणी पाच मिनिटांची आणि एकेका मुलाची. एका दिवशी पाच-सहा मुलं पुरेत. पुस्तक बाजूला ठेवा. कार्डावर नुसतं 'सरका' लिहून दाखवा, चित्राशिवाय, गोष्टीशिवाय. वाचलं तर शब्द ओळखीचा झाला. मग त्याच अक्षरांचे, पुस्तकात नसलेले शब्द द्या: रस, काका, सारा, कासरा. हे वाचणाऱ्या मुलाला अक्षरं हाती लागली आहेत, त्याला पुढच्या पुस्तकाकडे न्या. 'सरका' येतं पण 'रस' येत नाही, त्या मुलानं शब्दाचं चित्र लक्षात ठेवलं आहे. त्याला स, र, क आणि काना पुन्हा सुटे शिकवावे लागतील. 'सरका'च येत नाही पण पुस्तक उघडताच तालात म्हणतं, त्या मुलाची नजर अजून कोंबडीवर आहे. त्याला पुढच्या आठवड्यात पहिल्या रांगेत बसवा आणि पट्टी त्याच्या हातात द्या.